लेखनाचं आयुष्य कुणाला ठाऊक?

एसएसडीवर एकदा लिहिलेलं जागच्या जागी बदलता येत नाही. तुम्ही फाइलमधलं एकच अक्षर सुधारून जतन केलंत, तरी जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढत नाही. नवा मजकूर चिपमध्ये दुसरीकडे कुठेतरी लिहिला जातो आणि जुना निरुपयोगी ठरून तसाच पडून राहतो. या प्रकरणात ज्या स्ट्रीमच्या वाटपाबद्दल बोलायचं आहे, त्याची गरज या एका अडचणीतून निर्माण झाली.

अडचण चिपच्या रचनेतच आहे. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये नँड फ्लॅशची रचना जगापुढे मांडली. तिच्यात स्मृतिपेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. प्रत्येक पेशीला स्वतंत्र जोडणी द्यावी लागत नाही, म्हणून तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पेशी मावतात आणि चिप स्वस्त पडते. या स्वस्ताईची भरपाई दुसरीकडे करावी लागते. लिहिताना एका वेळी एक पेज लिहिता येतं. आजच्या चिपमध्ये ते बहुधा 16 किलोबाइटचं असतं. पुसताना मात्र हजारभर किंवा त्याहून जास्त पेजांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. पेज वाचायला काही डझन मायक्रोसेकंद लागतात, लिहायला काहीशे मायक्रोसेकंद, पण ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद जातात. शिवाय दर वेळी पुसताना पेशीतला ऑक्साइडचा पातळ थर थोडा झिजतो. एका पेशीत तीन बिट साठवणारी चिप काही हजार वेळा पुसली की थकते.

म्हणून प्रत्येक एसएसडीच्या आत एक छोटा संगणकच बसवलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. कुठल्या पत्त्यावरचा मजकूर सध्या कुठल्या पेजमध्ये आहे याची नोंदवही तो सांभाळतो. मोकळे ब्लॉक कमी पडू लागले की तो एखादा जुना ब्लॉक निवडतो, त्यातली अजून कामाची असलेली पेजं दुसरीकडे नकलून ठेवतो आणि मग तो ब्लॉक पुसतो. मुंबईत जुनी चाळ पाडायची तर एकेक खोली पाडून भागत नाही. इमारत पूर्ण रिकामी व्हावी लागते आणि दोन-चार बिऱ्हाडं उरली असतील तर आधी त्यांची सोय दुसरीकडे लावावी लागते. ब्लॉकचं तसंच आहे. या कामाला गार्बेज कलेक्शन म्हणतात. त्यात कचरा उचलण्याचे कष्ट फारसे नाहीत. खरा खर्च होतो तो उरलेल्यांना हलवण्यात.

तो किती होतो ते साध्या हिशेबानं दिसतं. ब्लॉकमध्ये 1000 पेजं आहेत आणि त्यातली 600 अजून कामाची आहेत असं धरू. तो मोकळा करायचा तर 600 पेजं आधी नकलावी लागतील. हाती आलेली मोकळी जागा फक्त 400 पेजांची. म्हणजे आपण 400 पेजं लिहिली, पण चिपवर प्रत्यक्षात 1000 लिहिली गेली, अडीच पट. 900 पेजं कामाची असती तर हे प्रमाण दहापट झालं असतं. आणि एकही कामाचं पेज उरलं नसतं, तर नक्कल शून्य, ब्लॉक पुसा आणि पुढे चला. या गुणोत्तराला राइट अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. ड्राइव्हचं आयुष्य आणि भरलेल्या ड्राइव्हचा वेग, दोन्ही त्याच्यावर टांगलेले आहेत. उत्पादक थोडी जागा वापरणाऱ्यापासून राखून ठेवतात ती याचसाठी. दोनच्या घातांकात मोजलेला गिगाबाइट दहाच्या घातांकात मोजलेल्या गिगाबाइटपेक्षा सात टक्क्यांहून थोडा मोठा असतो. तेवढा फरकसुद्धा राखीव जागा म्हणून उपयोगी पडतो. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये त्याहून बरीच जास्त जागा राखतात, आणि त्या जागेचे पैसे ग्राहकच देतो.

आता खरा प्रश्न. एखाद्या ब्लॉकमध्ये 900 पेजं कामाची उरतात आणि दुसऱ्यात एकही उरत नाही, हे कशावरून ठरतं? ते ठरतं लिहिण्याच्या क्षणी, कोण कोणाच्या शेजारी बसलं यावरून. कंट्रोलर साधारणपणे ज्या क्रमानं मजकूर येतो त्या क्रमानं तो उघड्या ब्लॉकमध्ये भरत जातो. त्यात डेटाबेसचा लॉग असतो, जो काही मिनिटांत काढून टाकला जाईल. ब्राउझरची तात्पुरती फाइल असते, जी संध्याकाळपर्यंत जाईल. लग्नाचे फोटो असतात, जे वर्षानुवर्षं हलणार नाहीत. तिघांची पेजं एकाच ब्लॉकमध्ये मिसळली की लॉग पुसला गेल्यावरही ब्लॉक मोकळा होत नाही, कारण फोटो आत बसलेले आहेत. ते फोटो मग ब्लॉकामागून ब्लॉक नकलले जात राहतात. ज्यांना कुणी हातही लावत नाही, त्या फायलींनीच चिप झिजते. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

ही समस्या फ्लॅशच्या आधी ओळखली गेली होती. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी 1991 मध्ये स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी केलेल्या लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टीमचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांची डिस्क साधी फिरती होती, पण पद्धत हीच: सगळं नवं लेखन पुढे पुढे करत जायचं आणि मागचे तुकडे रिकामे करत यायचं. सर्वांत रिकामा तुकडा आधी साफ करावा, हे धोरण कोणालाही सुचेल. त्यांनी नमुन्यावर करून पाहिलं, तेव्हा अपेक्षेच्या उलट निघालं. लेखन जितकं मोजक्या फायलींवर एकवटलेलं, तितकं हे धोरण वाईट चाललं. सतत बदलणारा आणि कधीच न बदलणारा मजकूर वेगळा ठेवायला हवा, हे त्यातून पुढे आलं.

वेगळा ठेवायला हवा हे खरं, पण कोणता मजकूर कोणत्या जातीचा हे कंट्रोलरनं ओळखायचं कसं? त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त पत्ता आणि बाइट. फाइलचं नाव पोहोचत नाही, ती लिहिणारा प्रोग्राम कोणता हेही नाही. एखादा पत्ता वारंवार लिहिला जातोय यावरून तो अंदाज बांधू शकतो आणि चांगले कंट्रोलर बांधतातही. पण डेटाबेस लॉगसाठी दर वेळी नवी फाइल उघडतो, ती नव्या पत्त्यांवर येते, आणि मागचा अंदाज वाया जातो. उलट डेटाबेसला पहिल्या बाइटपासून ठाऊक असतं की हा लॉग आहे आणि थोड्या वेळात जाणार आहे. ज्याला ठाऊक आहे तो वरच्या टोकाला, ज्याला उपयोग आहे तो खालच्या टोकाला, आणि दोघांमध्ये फाइलसिस्टीम, पेज कॅश, ब्लॉक लेयर आणि ड्रायव्हर असे चार थर. एवढीशी बातमी वरून खाली न सांडता पोहोचवायची, हेच स्ट्रीमचं काम.

सॅमसंगच्या जियाँग-उक कांग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हॉटस्टोरेज या कार्यशाळेत ही कल्पना प्रत्यक्ष ड्राइव्हवर करून दाखवली. लेखनाच्या प्रत्येक आज्ञेसोबत एक क्रमांक द्यायचा. एका क्रमांकाचा मजकूर, म्हणजे एक स्ट्रीम, ड्राइव्हनं एकत्र ठेवायचा, दुसऱ्यात मिसळायचा नाही. त्यांनी कॅसांड्रा हा डेटाबेस घेतला. त्याचा कमिट लॉग एका स्ट्रीमला दिला, मेमरीतून डिस्कवर उतरणाऱ्या फायली दुसऱ्या, आणि या फायली एकत्र करून तयार होणाऱ्या मोठ्या फायली आणखी वेगळ्या. सर्वांत वाईट परिस्थितीत मिळणारा कॅसांड्राचा वेग यामुळे जवळजवळ 56 टक्क्यांनी वाढला. चिप बदलली नव्हती. बदल झाला होता तो कोणी कोणाशेजारी बसायचं यात.

त्यानंतर 2017 मध्ये संगणक आणि एसएसडी यांच्या संवादासाठीच्या एनव्हीएमई मानकाची 1.3 आवृत्ती आली, तिच्यात ही सोय डायरेक्टिव्ह या नावाखाली दाखल झाली. राइट आज्ञेत दोन रकाने भरायचे: ही स्ट्रीमची सूचना आहे हे सांगणारा एक आणि 16 बिटांचा स्ट्रीम क्रमांक दुसरा. सोळा बिट म्हणजे शून्य सोडून 65,535 नावं झाली. प्रत्यक्षात मात्र एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या स्ट्रीम अगदी मोजक्या असतात, आणि वाटपाची सगळी कटकट इथून सुरू होते.

त्या मोजक्या का, हे समजून घेण्यासारखं आहे. कंट्रोलर वेगासाठी एकाच चिपवर लिहीत नाही. अनेक चिपमधले ब्लॉक जोडून तो एक मोठा ब्लॉक करतो आणि सगळ्यांवर एकाच वेळी लिहितो. पुसण्याचा प्रत्यक्ष घास मग शेकडो मेगाबाइटचा किंवा त्याहून मोठा होतो. प्रत्येक उघड्या स्ट्रीमला असा एक अर्धवट भरलेला मोठा ब्लॉक स्वतःसाठी अडवून ठेवावा लागतो, शिवाय मेमरीत स्वतंत्र बफर. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये अचानक वीज गेली तरी बफरमधलं लेखन चिपवर उतरवण्यापुरती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. स्ट्रीम वाढल्या की बफर वाढतात आणि कपॅसिटरही मोठे लागतात. म्हणून नावं हजारो ठेवली तरी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

मानकानं या टंचाईसाठी वाटपाची पद्धत आखली. ड्रायव्हर ड्राइव्हला विचारतो: जास्तीत जास्त किती स्ट्रीम, त्यातल्या शिल्लक किती, सध्या उघड्या किती. ड्राइव्हचे नेमस्पेस नावाचे भाग पाडता येतात. एखाद्या नेमस्पेससाठी ठरावीक संख्येची मागणी केली आणि ड्राइव्हनं ती मान्य केली, तर तेवढ्या स्ट्रीम त्याच्या नावानं राखून ठेवल्या जातात. मागणी केली नाही तर सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून घ्यायचं. स्ट्रीम उघडायला वेगळी आज्ञा लागत नाही; नवा क्रमांक घेऊन पहिलं लेखन आलं की ती उघडते. ड्राइव्ह आणखी दोन मापं कळवतो: किती बाइटांच्या पटीत लिहिलं तर सोयीचं, आणि एका घासात किती मावतं. दुसरं माप मोलाचं आहे. फाइल पुसताना त्या मापाच्या पटीत पुसली तर अख्खे ब्लॉक रिकामे होतात. अर्धवट पुसली तर पुन्हा हलवाहलव आलीच.

लिनक्समध्ये हे सप्टेंबर 2017 च्या 4.13 आवृत्तीत आलं. ब्लॉक लेयरची जबाबदारी सांभाळणारे आणि तेव्हा फेसबुकमध्ये असलेले येन्स आक्सबो यांनी ते लिहिलं. त्यांनी प्रोग्रामच्या हाती स्ट्रीम क्रमांक दिलाच नाही. प्रोग्रामनं फक्त फाइलच्या आयुष्याचा अंदाज सांगायचा: अल्प, मध्यम, दीर्घ किंवा अतिदीर्घ. ब्लॉक लेयरनं तो अंदाज विनंतीसोबत खाली न्यायचा आणि दोन वेगळ्या अंदाजांच्या विनंत्या एकत्र जोडायच्या नाहीत. मग एनव्हीएमई ड्रायव्हरनं अल्पसाठी 1, मध्यमसाठी 2, दीर्घसाठी 3 आणि अतिदीर्घसाठी 4 असा क्रमांक लावायचा. काहीच सांगितलं नसेल तर बिनस्ट्रीमचं साधं लेखन. ड्राइव्ह जोडला जाताना ड्रायव्हर शिल्लक स्ट्रीम मोजायचा आणि त्या चारपेक्षा कमी निघाल्या तर सोय बंद करून टाकायचा. मुळात ती आपोआप चालू व्हायचीच नाही. ड्रायव्हर लोड करताना मुद्दाम चालू करावी लागायची.

रचना सुटसुटीत होती. क्रमांकाऐवजी आयुष्य विचारल्यानं प्रोग्रामला ड्राइव्हची माहिती असण्याची गरज उरली नाही, आणि चार ठरावीक नावांमुळे ड्रायव्हरला वाटपाचा हिशेबच ठेवावा लागला नाही. पण माझ्या मते याच सुटसुटीतपणात तिचं दुबळेपण होतं. अल्प म्हणजे किती, हे कुठेच ठरलेलं नव्हतं आणि ठरवता येण्यासारखंही नव्हतं. एका डेटाबेसचं अल्प दहा सेकंदांचं, दुसऱ्याचं दोन तासांचं. एकाच यंत्रावर दोघे असले की दोघांचं लेखन एकाच स्ट्रीममध्ये जाणार आणि ज्या मिसळणीपासून पळायचं होतं तीच पुन्हा होणार. कंट्रोलरला खरं तर आयुष्याची लांबी कळण्याची गरजच नाही. एका ब्लॉकमधली सगळी पेजं दहा सेकंदांनी गेली काय किंवा दहा वर्षांनी गेली काय, ती सगळी एकदम गेली तर नक्कल शून्य. त्याला हवं असतं ते एवढंच की कोण कोणाबरोबर संपणार.

मधल्या थरांतही बातमी सांडत होती. अंदाज फाइलला लावता येत होता, तसाच फाइलच्या एखाद्या उघडलेल्या प्रतीलाही. पण साधं लेखन आधी पेज कॅशमध्ये थांबतं आणि नंतर कर्नल सवडीनं ते ड्राइव्हवर उतरवतो. उतरवताना कर्नलला फाइल माहीत असते, ती कोणी कशी उघडली होती हे नाही. त्यामुळे उघडलेल्या प्रतीला लावलेला अंदाज कॅश टाळून थेट लिहिणाऱ्यांपुरताच उरला. शिवाय फाइलसिस्टीमचं स्वतःचं लेखन होतंच. एक्स्ट4 या फाइलसिस्टीमचं जर्नल हा ठरावीक आकाराचा तुकडा आहे. तो पुन्हा पुन्हा वरून लिहिला जातो. ड्राइव्हवरचं ते सर्वांत चंचल लेखन, आणि त्याचं आयुष्य सांगायला वर कोणताही प्रोग्राम नाही. त्याला वेगळी स्ट्रीम द्यायची तर कर्नलनंच द्यायला हवी होती. तशा सूचना आल्या, संशोधन निबंध लिहिले गेले, पण मुख्य कर्नलमध्ये ते शिरलं नाही.

शेवटी मे 2022 च्या 5.18 आवृत्तीत एनव्हीएमई ड्रायव्हरमधून स्ट्रीमचा सगळा भाग काढून टाकला गेला. काढणारे क्रिस्टोफ हेलविग, या ड्रायव्हरच्या प्रमुख देखभालकर्त्यांपैकी एक. त्यांचं कारण सरळ होतं: ही सोय रॉक्सडीबी या डेटाबेससाठी केली होती, त्यानं ती वापरली नाही, आणि स्ट्रीम समजणारे ड्राइव्ह खुल्या बाजारात जवळपास मिळतच नाहीत. मला हा निर्णय पटतो. ड्रायव्हरमधला न वापरलेला कोड कुणालातरी रोज सांभाळावा लागतो. पण कल्पना चुकीची होती म्हणून ती गेली असं मात्र म्हणता येणार नाही. स्ट्रीम लावल्यानं नक्की किती नक्कल वाचली, हे वापरणाऱ्याला दाखवण्याची सोय त्या डायरेक्टिव्हमध्ये नव्हती. ज्याचा फायदा मोजता येत नाही, त्यासाठी प्रोग्राम बदलायला कोण तयार होईल?

दोनच वर्षांत ही कल्पना मोबाइलमधून परत आली. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये यूएफएस जातीची फ्लॅश असते आणि तिच्यावर एफ2एफएस ही फाइलसिस्टीम. ही फाइलसिस्टीम सॅमसंगच्या जेगुक किम यांनी फ्लॅशसाठीच बनवली आणि ती पहिल्यापासून मजकुराचे गरम, कोमट आणि थंड असे गट वेगळे ठेवते. गुगलमधले बार्ट व्हॅन आशे यांनी आयुष्याचा अंदाज पुन्हा ब्लॉक लेयरमधून खाली पोहोचवण्याचं काम केलं आणि मे 2024 च्या 6.9 मध्ये ते आलं. इथे अडचणी कमी होत्या. फोनचा उत्पादक, फाइलसिस्टीम आणि फ्लॅश यांचा मेळ आधीच जमलेला असतो; अल्प म्हणजे काय यावर वाद घालायला दुसरा डेटाबेस समोर नसतो.

सर्व्हरच्या जगात दरम्यान झोनच्या ड्राइव्हचा कडक पर्यायही आला होता: पत्त्यांचे मोठे पट्टे करायचे, प्रत्येक पट्टा क्रमानंच लिहायचा आणि अख्खाच पुसायचा. कंट्रोलरची हलवाहलव त्यानं संपते, पण वरचं सॉफ्टवेअर मुळापासून नव्यानं लिहावं लागतं. गुगल आणि मेटा यांना मधला मार्ग हवा होता. दोघांचे प्रस्ताव एकत्र होऊन 2022 च्या अखेरीस एनव्हीएमईमध्ये फ्लेक्सिबल डेटा प्लेसमेंट, म्हणजे एफडीपी, मंजूर झालं.

वरवर पाहता एफडीपी म्हणजे स्ट्रीमच. तीच डायरेक्टिव्हची चौकट, तेच आज्ञेतले रकाने, पाळली नाही तरी चालेल अशीच सूचना. वाटप मात्र वेगळ्या वेळी होतं. नेमस्पेस तयार करतानाच त्याला किती आणि कोणती हँडल, म्हणजे स्ट्रीमच्या जागी येणाऱ्या खुणा, द्यायची हे ठरवायचं. धावत्या यंत्रावर मागणी आणि मंजुरीचा खेळ नाही; ड्रायव्हर फक्त वाटून झालेली यादी वाचतो. एका हँडलखाली पुसण्याचा घास किती मोठा आहे तेही ड्राइव्ह सांगतो, आणि तो काही गिगाबाइटचाही असू शकतो. शिवाय यजमान संगणकानं लिहिलेले बाइट आणि चिपवर प्रत्यक्ष लिहिले गेलेले बाइट, दोन्ही आकडे ड्राइव्हकडून मागून घेता येतात. एकाला दुसऱ्यानं भागलं की नक्कल किती झाली ते समोर. आधीच्या स्ट्रीमच्या वेळी हेच नव्हतं, आणि मला वाटतं, एफडीपी टिकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच ठरेल.

लिनक्सनं ते जुलै 2025 च्या 6.16 मध्ये स्वीकारलं. कीथ बुश, क्रिस्टोफ हेलविग आणि कांचन जोशी यांची नावं त्या बदलांवर आहेत. त्याच्या तीन वर्षं आधी जुना कोड काढणारा माणूस नव्या कोडच्या रचनेत सहभागी आहे, हे मला फार आश्वासक वाटतं. या वेळी आयुष्याची नावं नाहीत. ब्लॉक डिव्हाइस आपल्याकडे किती लेखन-स्ट्रीम आहेत आणि घास केवढा आहे हे जाहीर करतं. प्रोग्राम लिनक्सच्या आयओ-यूरिंग या सोयीतून थेट लिहिताना विनंतीसोबत एक क्रमांक देतो. शून्य म्हणजे स्ट्रीम नाही. 1 पासून पुढचा क्रमांक आला की ड्रायव्हर यादीतून त्या जागेवरचं हँडल उचलून आज्ञेत घालतो. क्रमांक यादीबाहेरचा निघाला तर विनंती परत पाठवतो. क्रमांकाचा अर्थ काय, हे ना ड्रायव्हर विचारतो ना ड्राइव्ह. बरोबर संपणाऱ्यांना एक क्रमांक द्या, एवढंच.

यामुळे वाटपाचा प्रश्न एक पायरी वर सरकला. ब्लॉक डिव्हाइस एकट्यानं ताब्यात घेतलेल्या कॅशे सर्व्हरला आठ हँडल मिळाली तर तो छोट्या, सतत उलटणाऱ्या नोंदी एकाला देईल, मोठ्या नोंदी दुसऱ्याला, आणि त्याचं काम भागेल. पण त्याच आठ हँडलवर फाइलसिस्टीम असेल आणि तिच्यावर तीन डेटाबेस, तर जर्नलला एक दिल्यावर सात उरतात. ती कुणाला द्यायची, फाइलनुसार की निर्देशिकेनुसार की प्रक्रियेनुसार, आणि आठवा मागणारा आला तर कुणाला कुणाशेजारी बसवायचं, हे 6.16 मधला ड्रायव्हर ठरवत नाही. ते फाइलसिस्टीम लिहिणाऱ्यांना ठरवावं लागेल, कारण कोणती फाइल कोणाबरोबर पुसली जाते हे ड्रायव्हरपेक्षा त्यांना जास्त दिसतं.